‘सगळं त्यात लिहिलेलं आहे’ हे उत्तर नव्हे

“सगळं त्यात लिहिलेलं आहे. तुम्ही लोक वाचत नाही, ही खरी अडचण आहे.”

हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या खिडकीसमोर उभे राहून ऐकलेले आहे. मी ते एका जुन्या संगणकासमोर ऐकले. त्या वेळी मला उत्तर देता आले नाही, कारण सांगणाऱ्याचे म्हणणे खोटे नव्हते. खरोखरच सगळे लिहिलेले होते. मग चूक कोणाची? हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्यावर मी बराच विचार केला, थोडे वाचलेही. आज ते उत्तर देते आहे.

आधी घटना सांगते.

२०१२ साली आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेला एका कार्यालयाने मोडीत काढलेले ८ संगणक मिळाले. त्यातले ५ चालू झाले. मेमरी कमी, विंडोजचा परवाना नाही, म्हणून एका ओळखीच्या स्वयंसेवकाने त्यांवर लिनक्स टाकून दिले. दोन रविवार येऊन त्याने मुलांना काळ्या पडद्यावर कमांड लिहायला शिकवले. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, “आता मी रोज येऊ शकणार नाही. पण घाबरू नका, मॅन्युअल मशीनमध्येच आहे. अडलं की ‘मॅन’ लिहायचं, पुढे कमांडचं नाव लिहायचं, एंटर मारायचं. सगळं त्यात आहे.” अभ्यासिकेत इंटरनेट नव्हते. म्हणजे आमच्याकडे जे काही होते ते यंत्राच्या आतले ते मॅन्युअल, तेवढेच.

त्याच वेळी आम्ही वस्तीचे सर्वेक्षण करत होतो. पाच गल्ल्या, पाच फाइली. बारावीतली एक मुलगी रोज संध्याकाळी येऊन कागदावरचे अर्ज संगणकात भरत होती. मुलगी अतिशय काळजीपूर्वक काम करणारी. काम पूर्ण झाल्यावर सगळ्या फाइली एकत्र बांधून पेनड्राइव्हवर घ्यायच्या होत्या. त्यासाठी ‘टार’ नावाची कमांड स्वयंसेवकाने एकदा दाखवली होती. तिने थेट कमांड मारली नाही. आधी ‘मॅन टार’ उघडले आणि वहीत उतरवून घेत दोन संध्याकाळ ते पान वाचले. मग कमांड लिहिली: टार, पुढे सी-व्ही-एफ ही अक्षरे, आणि पुढे सगळ्या फाइलींसाठी तारांकित चिन्ह. पडद्यावर फाइलींची नावे उमटली. चुकीचा कुठलाही संदेश आला नाही. ती खूश होऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिने पहिल्या गल्लीची फाइल उघडली. आत आधी विचित्र चिन्हे, मग दुसऱ्या गल्लीतली कुटुंबे, मग तिसऱ्या गल्लीतली. पहिल्या गल्लीतले एकही घर नाही. झाले होते असे की ‘एफ’ या अक्षराच्या लगेच पुढे नव्या गठ्ठ्याचे नाव द्यावे लागते. ते तिने दिले नव्हते. मग यंत्राने यादीतली पहिली फाइल हेच गठ्ठ्याचे नाव समजले, तिच्यातला मजकूर पुसला आणि उरलेल्या चार फाइली तिच्यात कोंबल्या. आदल्या दिवशी पडद्यावर पाचऐवजी चारच नावे उमटली होती. ते तिच्या लक्षात आले नाही. कोणाच्या आले असते?

स्वयंसेवकाला फोन केला. तेव्हा ते सुरुवातीचे वाक्य ऐकायला मिळाले. आणि मुलगी मला म्हणाली, “ताई, माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून असं झालं.” कागदी अर्ज शाबूत होते, आम्ही ती गल्ली पुन्हा भरून घेतली. पण भरणारी ती नव्हती. ती संगणकाकडे परत आली नाही.

आता मुद्द्यावर येऊ.

हे मॅन्युअल आले कुठून?

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे बेल लॅब्ज ही संशोधन संस्था होती. तिथे केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्स ही प्रणाली बनवली. लिनक्स हे तिच्याच वळणावर नंतर तयार झाले. युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. त्या काळी प्रणालीची ओळखसुद्धा मॅन्युअलवरून व्हायची. ‘सहावी आवृत्ती’, ‘सातवी आवृत्ती’ ही जी युनिक्सची नावे आपण वाचतो, त्या मूळच्या मॅन्युअलच्या आवृत्त्या आहेत. म्हणजे या मंडळींना लिखाणाची किंमत नव्हती असे कोणी म्हणू नये. आजच्या कित्येक कंपन्यांपेक्षा त्यांना ती जास्त होती.

हीच पाने संगणकाच्या पडद्यावरही वाचता यायची. त्याला ‘ऑनलाइन मॅन्युअल’ म्हणत. इथे ‘ऑनलाइन’ म्हणजे इंटरनेटवर असे समजू नका. कपाटातल्या छापील बाइंडरऐवजी यंत्रावरच उपलब्ध, एवढाच त्याचा अर्थ.

प्रत्येक पानाचा साचा ठरलेला. वर नाव आणि एका ओळीत काम. मग कमांड कशी लिहायची त्याचा सांगाडा. मग वर्णन. मग संबंधित फाइली, ‘हेही पाहा’, आणि शेवटी एक मथळा: ‘बग्ज’, म्हणजे दोष. आमच्या वस्तूत काय बिघाड आहे हे बनवणाऱ्यानेच त्या वस्तूच्या कागदावर लिहून ठेवायचे. हा प्रामाणिकपणा मला आजही मोठा वाटतो. ‘बॅश’ या कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामच्या पानावर दोषांच्या यादीत त्याच्या लेखकांनीच म्हटले आहे की हा प्रोग्राम फार मोठा आणि फार मंद आहे. आपल्या एखाद्या योजनेच्या माहितीपत्रकात असा मथळा तुम्ही कधी पाहिला आहे का?

म्हणून माझी तक्रार ‘मॅन्युअल वाईट होते’ अशी नाही. तक्रार अशी आहे की ते ज्यांना आधीच येते त्यांच्यासाठी लिहिलेले होते, आणि ज्यांना येत नाही त्यांच्या हातात शिकवणी म्हणून दिले गेले. हे कसे, ते मुद्द्यांनी सांगते.

एक. नाव माहीत असेल तरच दार उघडते. फाइलीत शब्द शोधायचा आहे, तर ‘मॅन’च्या पुढे काय लिहायचे? उत्तर आहे ‘ग्रेप’. हे नाव ज्याला माहीत आहे त्याला अर्धे काम आलेलेच आहे. ज्याला माहीत नाही त्याने काय करायचे? फाइल पडद्यावर दाखवायची तर कमांड ‘कॅट’. तिचा मांजराशी संबंध नाही, ‘जोडणे’ या अर्थाच्या एका लांब इंग्रजी शब्दाचा तो तुकडा आहे. विषयावरून शोधण्याची सोय होती, तिचे नाव ‘अप्रोपो’. म्हणजे शोधण्याची सोय शोधायलासुद्धा नाव माहीत हवे. शिवाय ही सोय सहसा प्रत्येक पानाच्या पहिल्या एका ओळीतच शोधते आणि तिची यादी आधी कोणीतरी तयार करून ठेवावी लागते. आमच्या यंत्रांवर ती तयार नव्हती. जे विचारू त्याला ‘योग्य काही सापडले नाही’ एवढेच उत्तर.

दोन. पहिल्याच धड्याचे पान गायब. नवशिक्याला सर्वात आधी शिकवतात ती कमांड ‘सीडी’, म्हणजे एका फोल्डरमधून दुसऱ्यात जाणे. अनेक लिनक्स प्रणालींवर ‘मॅन सीडी’ लिहिले तर उत्तर येते की अशी नोंद नाही. कारण तांत्रिक आहे. सीडी हा स्वतंत्र प्रोग्राम नसून बॅशच्या पोटातला भाग आहे. त्याची माहिती ‘हेल्प सीडी’ लिहिल्यावर मिळते, नाहीतर बॅशच्या त्या प्रचंड लांब पानात कुठेतरी. प्रोग्राम कोणता आणि पोटातला भाग कोणता, हा फरक ज्याला कळतो त्याला सीडीचे पान लागतच नाही. ज्याला पान लागते त्याला हा फरक माहीत नसतो.

तीन. एकाच नावाची दोन पाने. मॅन्युअलचे परंपरेने ८ विभाग आहेत. पहिल्यात कमांड, पाचव्यात फाइलींची रचना, वगैरे. ‘पासवर्ड’ या अर्थाची जी कमांड आहे तिच्याच नावाची फाइलही आहे. साधे ‘मॅन’ लिहिले की पहिल्या विभागाचे पान येते. फाइलीची माहिती हवी असेल तर मध्ये ५ हा आकडा टाकायचा. ‘हेही पाहा’मध्ये नावांपुढे कंसात आकडे असतात, ते याच विभागांचे. आमच्या मुलांना दोन महिने वाटत होते की ते पान क्रमांक आहेत.

चार. इथे नाही, पलीकडे जा. लिनक्समधल्या बऱ्याच कमांड ‘ग्नू’ प्रकल्पाच्या आहेत. त्या प्रकल्पाने पूर्ण मॅन्युअल ‘इन्फो’ नावाच्या वेगळ्या पद्धतीत लिहिले आणि मॅन पानाला दुय्यम मानले. म्हणून कित्येक पानांच्या तळाशी सूचना असते की संपूर्ण माहिती इन्फोमध्ये आहे. बरे, इन्फो उघडले तर तिथल्या कळा वेगळ्या. पुढच्या भागासाठी एन, मागच्यासाठी पी, वर जायला यू. म्हणजे मॅन्युअल वाचायला आणखी एक मॅन्युअल. आणि इन्फोची पाने यंत्रावर बसवलेली नसतील तर तेच अपुरे मॅन पान पुन्हा समोर येते. खिडकी क्रमांक चारवरून खिडकी क्रमांक सातवर आणि सातवरून पुन्हा चारवर पाठवले जाण्याचा अनुभव तुम्हाला आहेच. तो यंत्रातही घेता येतो.

पाच. बाहेर कसे पडायचे? मॅन पान उघडले की पडदा भरतो. ते बंद करायला क्यू हे अक्षर दाबायचे. बाण दाबून, एस्केप दाबून, एंटर दाबून काही होत नाही. आमच्याकडच्या एका मुलाने पहिल्या दिवशी मेन स्विच बंद केला. सगळे त्याला हसले. पण त्याच्या जागी बसून बघा, त्याने एकमेव माहीत असलेला मार्ग वापरला होता.

सहा, आणि माझ्या मते सर्वात गंभीर. काय करता येते ते लिहिलेले, काय बिघडू शकते ते लिहिलेले नाही. ‘एफ’च्या पुढे गठ्ठ्याचे नाव येते, ही ओळ टारच्या पानावर होती. ते विसरलात तर तुमची पहिली फाइल नष्ट होईल, ही ओळ आमच्या यंत्रावरच्या त्या पानावर नव्हती. टार म्हणजे टेपवर साठवण्याचा प्रोग्राम, तो १९७९ च्या सातव्या आवृत्तीतला. तेव्हा माल थेट चुंबकीय टेपवर जायचा आणि ‘एफ’ हा टेपऐवजी दुसरीकडे ठेवायचा असेल तरच वापरायचा पर्याय होता. टेप गेल्या, आमच्या मुलीने टेप कधी पाहिलीही नाही. पण टेपच्या काळातली समजूत पानावर तशीच गृहीत राहिली.

‘पण ती पाने नवशिक्यांसाठी नव्हतीच’

हा आक्षेप तंत्रज्ञ मित्र लगेच घेतील, आणि तो योग्य आहे. संदर्भग्रंथ वेगळा, पाठ्यपुस्तक वेगळे. शब्दकोशाकडे जाऊन ‘मला भाषा का शिकवली नाहीस’ असे विचारता येत नाही. शिवाय सुरुवातीच्या युनिक्सच्या यंत्राची मेमरी २४ किलोबाइट आणि डिस्क अर्धा मेगाबाइट होती. कमांडची नावे दोन अक्षरी आणि पाने आखूड का, याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते.

हे सर्व मान्य. पण मग पाठ्यपुस्तक कुठे होते? इथे जी माहिती मला सापडली, तिने माझा विचार बदलला.

पाठ्यपुस्तक होते! १९७९ च्या सातव्या आवृत्तीचे मॅन्युअल दोन खंडांचे होते. पहिल्या खंडात ही सगळी मॅन पाने. दुसऱ्या खंडात शिकवणारे लेख, त्यात ब्रायन कर्निघन यांनी खास नवशिक्यांसाठी लिहिलेला युनिक्सचा परिचयही होता. एवढेच नव्हे, तर कर्निघन आणि माइक लेस्क यांनी ‘लर्न’ नावाचा प्रोग्रामच प्रणालीत दिला होता. तो धडा देई, काम करून बघायला सांगे, उत्तर तपासे आणि चुकले तर पुन्हा समजावे. म्हणजे यंत्राच्या आत एक शिक्षक बसवलेला होता. आणि युनिक्सच्या अगदी सुरुवातीच्या वापरकर्त्यांत बेल लॅब्जच्या पेटंट विभागात अर्ज टाइप करणारे कर्मचारी होते, प्रोग्रामर नव्हते. त्यांना शिकवले गेले आणि ते शिकलेही.

पुढे काय झाले? प्रणाली विद्यापीठांत गेली, कंपन्यांत गेली, लिनक्सच्या रूपाने जगभर गेली. सोबत काय गेले? पहिला खंड. मॅन पाने आजही जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतात. ‘लर्न’ आमच्या अभ्यासिकेतल्या एकाही यंत्रावर नव्हता. उत्तरांचे पुस्तक पिढ्यान्पिढ्या पोहोचले, शिकवणारा मात्र वाटेत गळाला. आणि मग उत्तरांच्या पुस्तकालाच शिक्षक म्हणण्याची पद्धत पडली.

शिकवण्यावर बंधन घातल्याचे उदाहरणही याच इतिहासात आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी १९७६-७७ मध्ये सहाव्या आवृत्तीच्या मूळ कोडवर विद्यार्थ्यांसाठी भाष्य लिहिले. कोडच्या ओळी एका पुस्तकात, अर्थ दुसऱ्यात. सातव्या आवृत्तीच्या परवान्याने कोड वर्गात शिकवायला मनाई केली. लायन्स यांचे पुस्तक खुलेपणाने छापता येईना, म्हणून विद्यार्थी त्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून एकमेकांना देत राहिले. रीतसर प्रकाशन झाले ते १९९६ मध्ये. शिकवायला कोड उरला नाही म्हणून अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी १९८७ मध्ये ‘मिनिक्स’ ही स्वतःची छोटी प्रणाली पुस्तकासोबत दिली. ते वाचून आणि वापरून लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केले. शिकवणाऱ्या एका पुस्तकातून काय उभे राहू शकते, ते यावरून दिसते. संदर्भाची पाने कितीही अचूक असली तरी त्यांनी हे काम केले नसते.

इंग्रजीचा प्रश्न

आता त्या मुलीच्या वाक्याकडे येते. “माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून.”

भाषेची अडचण खोटी नाही. आमच्या यंत्रांवर काही मेनू मराठीत करता येत होते, पण आतली मदत इंग्रजीच राहायची. दरवाजावरची पाटी मराठी, आत गेल्यावर मात्र मराठीचा पत्ता नाही. जपानी स्वयंसेवकांनी मॅन पानांच्या भाषांतराचा प्रकल्प वर्षानुवर्षे चालवला. आपल्याकडे तसे का झाले नाही, हा आपण स्वतःला विचारायचा प्रश्न आहे.

पण सगळा दोष भाषेवर टाकणे चूक आहे. डोनाल्ड नॉर्मन हे कॅलिफोर्नियातले मानसशास्त्राचे प्राध्यापक. इंग्रजी त्यांची स्वतःची भाषा. त्यांनी १९८१ मध्ये ‘डेटामेशन’ या मासिकात युनिक्सवर कडक टीका केली. कमांडची नावे अर्थहीन आहेत, प्रणाली गप्प बसते, माणसाची चूक होणार हे ती गृहीतच धरत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. १९९४ मध्ये तर युनिक्सवर वैतागलेल्या लोकांनी, आणि ते सगळे तज्ज्ञ होते, एक अख्खे पुस्तक काढले. त्यात मॅन्युअलवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्या पुस्तकाला पहिली प्रस्तावना नॉर्मन यांची आणि तिला उत्तर देणारी दुसरी खुद्द डेनिस रिची यांची आहे. म्हणजे आमची बारावीतली मुलगी ज्या भिंतीवर आदळली, तिच्यावर अमेरिकेतले प्राध्यापक आणि प्रोग्रामरही आदळले होते. फरक एवढाच की आदळल्यावर त्यांनी भिंतीविरुद्ध लेख लिहिला. तिने स्वतःला दोष दिला.

हा फरक कुठून येतो? समाजशास्त्रात पिअर बोर्द्यू यांची ‘सांस्कृतिक भांडवल’ ही संकल्पना आपण वाचतो. पुस्तकात न लिहिलेली, पण घरातून, शेजारातून, ओळखीतून मिळालेली जाण. बेल लॅब्जमध्ये पान कळले नाही तर ते लिहिणाराच जवळपास सापडायचा. त्याला विचारायचे. म्हणजे ते मॅन्युअल कधीच एकटे नव्हते, त्याच्या बाजूला बोलून सांगणारा माणूस होता. पान निम्मे, माणूस निम्मा. आपल्यापर्यंत पान पोहोचले, माणूस पोहोचला नाही. आणि आपल्याला सांगितले गेले की हेच पूर्ण आहे. या वाचकांना वेगळे सांगायला नको, पण लिहिलेले असणे आणि पोहोचणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. म्हणून ती पाने लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट होता असा अर्थ कृपया काढू नका. तसा पुरावा नाही. हेतू चांगला असूनही दार बंद राहू शकते, एवढेच मी म्हणते आहे.

‘आता इंटरनेट आहे, जुने कशाला उगाळता?’

हा दुसरा आक्षेप. आज अडले की व्हिडिओ बघता येतो, मान्य. पण जुन्या पद्धतीत जे चांगले होते ते आपण गमावले, तेही बघा.

डॉसच्या काळात, १९९१ च्या पाचव्या आवृत्तीपासून, कमांडच्या पुढे तिरकी रेघ आणि प्रश्नचिन्ह टाकले की तिची थोडक्यात माहिती समोर यायची. व्हीएमएस या मोठ्या प्रणालीत ‘हेल्प’ लिहिले की विषयांची यादीच यायची, एकेक विषय निवडत आत जाता यायचे. नाव आधी माहीत असण्याची सक्ती तिथे निदान थोडी सैल होती. मॅन पाने तर वीज असेपर्यंत चालतात, नेट लागत नाही, आणि तुमच्या यंत्रावर प्रोग्रामची जी आवृत्ती आहे सहसा तिचीच माहिती देतात. आज बऱ्याच ठिकाणी ‘मदत’ बटण दाबले की ते थेट इंटरनेटवर पाठवते. नेट नसेल तर मदत नाही. नेट असेल तर तुमच्याकडे नसलेल्या नव्या आवृत्तीची मदत. जुने यंत्र वापरणारा माणूस दोन्हीकडून अडकतो. आणि मोडीत निघालेली जुनी यंत्रे कोणाकडे येतात, हे वेगळे सांगायला नको.

विंडोजच्या जुन्या मदत-फाइलींचे काय झाले तेही बघण्यासारखे आहे. १९९० पासून हजारो प्रोग्राम त्या पद्धतीची मदत-फाइल सोबत देत होते. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून ती फाइल उघडणारा प्रोग्रामच विंडोजसोबत मिळेनासा झाला. जुना प्रोग्राम चालतो, त्याची मदत-फाइल डिस्कवर पडलेली आहे, पण उघडत नाही. ‘सगळं त्यात आहे’ या वाक्याचे याहून चांगले उदाहरण मला सापडले नाही.

मग करायचे काय?

आम्ही काय केले ते सांगते. मोठे काही नाही. २०१३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत अभ्यासिकेतल्या चार मुलांनी मिळून एक वही लिहिली. मराठीत, ११ पाने. लिहिणाऱ्यांसाठी मी एकच अट घातली होती: ज्याला सहा महिन्यांपूर्वी काहीच येत नव्हते त्यानेच लिहायचे. ज्याला पाच वर्षांपासून येते, त्याला आपण कुठे अडलो होतो ते आठवतच नाही. तज्ज्ञाने फक्त शेवटी चुका तपासायच्या.

पहिल्या पानावर मुलांनी कमांड लिहिल्याच नाहीत. ‘इथून बाहेर कसे पडायचे’ हे लिहिले. क्यू दाबा, नाही जमले तर कंट्रोल आणि सी, तरी नाही जमले तर कोणाला तरी हाक मारा, स्विच बंद करू नका. दुसऱ्या पानावर कामांची यादी आणि समोर कमांडचे नाव. ‘फाइलीत शब्द शोधायचा आहे’ आधी, ‘ग्रेप’ नंतर. तिसऱ्या पानावर लाल पेनाने ‘यात फाइल जाऊ शकते’ असा मथळा आणि खाली तीन कमांड. त्यातली पहिली टार. तिच्यासमोर मुलांनी लिहिले होते: ‘आधी गठ्ठ्याचे नाव, मग फाइली. पडद्यावर नावे मोजा.’ आणि शेवटच्या पानावर मॅन पान कसे वाचायचे ते. कारण मॅन पाने टाकून द्यायची नव्हती, त्यांच्यापर्यंत पोहोचायचे होते. वही पाठ झालेली मुले पुढे खरोखरच मॅन पाने वाचू लागली आणि त्यांना ती आवडलीही. दोषांचा मथळा तर ती सर्वात आधी उघडायची.

मित्रांनो, आपण सगळे काही ना काही लिहितो. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा, जातपडताळणीला कोणते कागद लागतात, याची पत्रके काढतो, ग्रुपवर टाकतो. आणि कोणी चुकले की आपणही म्हणतो, “सगळं त्यात दिलं होतं ना.” आपण म्हणतो! म्हणून पत्रक छापण्याआधी एक काम करा. ज्याने हा अर्ज कधी पाहिलेला नाही अशा एका माणसाच्या हातात ते द्या आणि बाजूला गप्प उभे राहा. तो जिथे थांबेल, तिथे दोष पत्रकाचा आहे. तिथे खूण करा आणि पुन्हा लिहा. शेवटी ‘यात काय चुकू शकते’ असा एक मथळा ठेवा. तेवढी गोष्ट बेल लॅब्जकडून जरूर उचला.

ती मुलगी पुढे डी.एड. झाली, असे कळले. २०१२ च्या त्या संध्याकाळी मी तिला म्हणाले होते, “जाऊ दे, पुढच्या वेळी नीट वाच.” तिने नीटच वाचले होते. हे मला तेव्हा तिला सांगता आले नाही.